दम्याच्या औषधचाचणीत सहभागी होताना : माझा अनुभव

औषधाच्या चाचणीची बातमी आली की तिच्यात "रुग्णांच्या श्वसनक्षमतेत इतकी वाढ दिसून आली" असे एक वाक्य हमखास असते. हा आकडा कोठून येतो, तो घेताना रुग्णाला काय करावे लागते आणि त्यावर किती विसंबावे, हे मला एका चाचणीत सहभागी झाल्यावर जवळून पाहता आले. माझी सारी नोकरी लेखापरीक्षणात गेली. त्यामुळे कोणताही आकडा समोर आला की त्याच्या मागचे मूळ कागद मागायची सवय आहे, आणि हा लेखही बराचसा त्याच सवयीतून लिहिला आहे.

मध्य मुंबईतील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या छातीविकार विभागात माझ्या दम्यावर बऱ्याच वर्षांपासून उपचार चालू आहेत. एका नेहमीच्या तपासणीच्या वेळी तेथील डॉक्टर म्हणाले, "ताई, आमच्याकडे दम्यावर एक अभ्यास चालू आहे आणि तुम्ही त्यात बसाल असे वाटते. हे कागद घरी न्या, सावकाश वाचा. नाही म्हणालात तरी इथल्या उपचारांत काही फरक पडणार नाही." यातील शेवटचे आश्वासन डॉक्टरांच्या स्वभावाचा भाग नसून ते देणे नियमानेच बंधनकारक आहे, हे पुढे कागद वाचताना समजले. तरी ते त्यांनी उरकल्यासारखे न म्हणता माझ्याकडे पाहून म्हटले, याची नोंद करावीशी वाटते.

घरी अपेक्षेप्रमाणे विरोध झाला. माझा मोठा भाऊ औषधांच्या कंपनीत नव्हे, बँकेत होता. तरी त्याचे मत ठाम होते. "त्यांना प्रयोगाला माणसे मिळत नाहीत म्हणून तुला धरले आहे," असे तो फोनवर म्हणाला. मी त्याला विचारले, "दादा, तू रोज रक्तदाबाची जी गोळी घेतोस, ती कोणावर तपासली गेली असेल?" यावर त्याने विषय बदलला. वहिनीने मात्र नेमका प्रश्न विचारला : "मध्येच त्रास वाढला तर खर्च कोणाचा?" या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात शोधायचे असे मी ठरवले.

माहितीपत्रक मराठीत होते, बरीच पाने होती आणि भाषा सरकारी परिपत्रकाच्या वळणाची असली तरी अर्थ लागत होता. भारतात अशा चाचण्यांना 'नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९' लागू आहेत. चाचणीमुळे सहभागी व्यक्तीला इजा झाली तर तिला विनामूल्य वैद्यकीय उपचार मिळाले पाहिजेत, आणि इजा चाचणीमुळेच झाली असे ठरले तर नुकसानभरपाईही मिळाली पाहिजे, असे त्या नियमांत आहे. वहिनीच्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळाले. चाचणीला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीत किमान निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात, त्यांत एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो, हेही त्यातूनच कळले. आमच्या लेखापरीक्षणात तपासणारा आणि तपासला जाणारा यांच्यात जे अंतर राखायचे असते, तसे अंतर येथे निदान कागदावर तरी राखलेले दिसले.

त्यानंतर पत्रकावरचा नोंदणी क्रमांक मी वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदणीपटावर शोधून पाहिला. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंदणी तेथे सक्तीची झाली. चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिचा मुख्य निकष जाहीर करावा लागतो, म्हणजे निकाल हाती आल्यावर सोयीचा निकष पुढे करण्याला आळा बसतो. आमच्या चाचणीची नोंद तेथे होती, आणि मुख्य निकष म्हणून दम्याचे तीव्र झटके आणि त्याखालोखाल श्वसनक्षमतेचे मोजमाप दिलेले होते. कोणी अशा अभ्यासासाठी विचारले तर सही करण्यापूर्वी एवढे तरी अवश्य पाहावे.

चाचणी नव्या रसायनाची नव्हती. प्रश्न जुन्याच औषधांच्या वापराचा होता. माझ्यासारखे कित्येक जण दम लागला की निळ्या पंपाने साल्ब्युटामॉल ओढतात आणि बरे वाटले की विसरून जातात. या औषधाने आक्रसलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल होतात, पण त्यांच्या अस्तराला आलेली सूज तशीच राहते; ती सूज उतरवण्यासाठी श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड लागते. 'जिना' या नावाने ओळखला जाणारा दम्याविषयीचा जागतिक उपक्रम १९९३ पासून उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवतो. त्याने २०१९ साली स्पष्ट सांगितले की प्रौढ व किशोरवयीन रुग्णांनी केवळ साल्ब्युटामॉलसारख्या औषधावर विसंबू नये. त्यामागे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिग्मा' नावाच्या दोन मोठ्या चाचण्यांचाही आधार होता. सौम्य दम्याच्या रुग्णांना बुडेसोनाइड (श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका सैल करणारे, लांबवर टिकणारे औषध) यांचे मिश्रण फक्त गरज पडेल तेव्हा दिले, तर तीव्र झटके रोखण्याच्या बाबतीत ते रोजच्या बुडेसोनाइडच्या जवळपास बरोबरीचे ठरले आणि श्वासावाटे शरीरात जाणारे स्टेरॉइड सुमारे एक चतुर्थांशावर आले. रोजच्या लक्षणांवर मात्र रोजच्या औषधाचाच ताबा थोडा अधिक राहिला. आमच्या केंद्रातील तुलना याच स्वरूपाची होती.

स्टेरॉइड हा शब्द आला की आपल्याकडे निम्मी माणसे मागे सरतात, म्हणून येथे थोडे विषयांतर करते. दम्याचा जोराचा झटका आला की डॉक्टर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात. प्रौढ माणसाला दिवसाला ४० मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा आहे. श्वासावाटे घ्यायच्या बुडेसोनाइडची कमी मात्रा दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असते. दोन औषधांची ताकद सारखी नसल्यामुळे त्यांची तुलना केवळ वजनावर करता येत नाही, हे मान्य. तरीही गोळीतील ४० मिलिग्रॅम म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम आणि ते सर्व शरीरभर पसरणार, हे लक्षात घेतले म्हणजे रोजच्या पंपाला घाबरून झटक्याच्या वेळी गोळ्या घेणारे लोक नेमके काय वाचवतात हे मला कळेनासे होते. आमच्या इमारतीत "पंपाची सवय लागते" असे सांगणारे दोन गृहस्थ आहेत आणि दोघेही दर हिवाळ्यात गोळ्यांचा कोर्स करतात.

संमतीपत्रावर सही केल्यानंतर आपण लगेच चाचणीत दाखल होतो असे नाही. आधी छाननी होते, आणि छाननीचा कणा म्हणजे स्पायरोमेट्री, म्हणजेच यंत्रात जोराने फुंकून श्वासाची क्षमता मोजण्याची परीक्षा. या परीक्षेची तयारी आदल्या दिवसापासून सुरू होते. साल्ब्युटामॉल किमान चार तास आधी आणि फॉर्मोटेरॉलसारखे लांबवर टिकणारे औषध चोवीस तास आधी थांबवावे लागते, कारण औषधाविना श्वासनलिका कशा आहेत तेच पाहायचे असते. सकाळी गर्दीच्या लोकलने, पंप पर्समध्ये असूनही न ओढता, जिना चढून रुग्णालयात पोहोचायचे, हा या साऱ्या प्रक्रियेतील मला सर्वांत जड गेलेला भाग होता. समन्वयक बाईंनी बजावले होते की त्रास झालाच तर पंप घ्यावा, परीक्षा दुसऱ्या दिवशी करता येते. पण घरून निघताना पंप न घेण्याचा निश्चय करून निघालेला माणूस तो सहसा घेत नाही. सोबत कोणीतरी असावे, हे मात्र मी आवर्जून सांगेन. कपडे सैल असावेत, पोट तडस लागेपर्यंत भरलेले नसावे, दातांची कवळी घट्ट बसत असेल तर तशीच ठेवावी, आणि विशेषतः माझ्या वयाच्या बायकांनी आधी स्वच्छतागृहात जाऊन यावे. जोराने फुंकताना लघवीचे थेंब सुटणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे, तिच्याविषयी आपण होऊन फारसे कोणी बोलत नाही, आणि ती टाळण्यासाठी बाई नकळत फुंकर आवरती घेते. म्हणजे संकोचाचासुद्धा आकड्यावर परिणाम होतो.

परीक्षा घेणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची होती. तिने आधी यंत्राला एक मोठी पिचकारी जोडून तिचा दट्ट्या निरनिराळ्या वेगांनी ढकलला. मी विचारल्यावर तिने सांगितले, की ही पिचकारी बरोबर ३ लिटरची असते आणि यंत्र तेवढीच हवा दाखवते की नाही हे रोज तपासावे लागते. फरक तीन टक्क्यांच्या आत असावा लागतो. खोलीचे तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब यांच्याही नोंदी होत्या, कारण फुप्फुसातील हवा शरीराच्या तापमानाची आणि बाष्पाने भरलेली असते, बाहेर आल्यावर ती थंड होऊन आक्रसते, आणि यंत्राला तो हिशेब करावा लागतो. आपल्या शहराच्या जुलैतल्या हवेत हा हिशेब वेगळा आणि जानेवारीत वेगळा असणार हे उघड आहे. काटा तपासल्याशिवाय वजन न करणारा माणूस मला मनापासून आवडतो.

मग नाकाला चिमटा लावून, नळी दातांत आणि ओठांत घट्ट धरून, छाती पूर्ण भरेपर्यंत श्वास घ्यायचा आणि क्षणही न दवडता एकदम पूर्ण जोराने बाहेर सोडायचा. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या सेकंदाचा धडाका संपल्यावर खरी कसोटी सुरू होते. छाती रिकामी झाली असे वाटते, घशात खोकला दाटून येतो, डोळ्यांपुढे किंचित अंधारी येते आणि ती मुलगी खुर्चीवरून अर्धी उठून ओरडत असते : "अजून काकू, अजून, अजून, सोडू नका, आहे अजून हवा, ढकला, ढकला!" पडद्यावरची रेघ सपाट होईपर्यंत, म्हणजे शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षाही कमी हवा बाहेर येईपर्यंत फुंकत राहावे लागते. दम्याच्या रुग्णाची हवा अरुंद झालेल्या नळ्यांतून हळूहळू निघते, म्हणून ज्याला हे सर्वांत कठीण त्यालाच सर्वांत जास्त वेळ फुंकावे लागते.

एक फुंकर चांगली झाली म्हणून सुटका नाही. निकषांत बसणाऱ्या किमान तीन फुंकरी लागतात आणि त्यांतील सर्वोत्तम दोहोंमधील फरक १५० मिलिलिटरच्या आत असावा लागतो. सुरुवात कचरत झाली, मध्ये खोकला आला किंवा नळी ओठांतून निसटली, तर ती फुंकर बाद. साधारणपणे आठ प्रयत्नांपर्यंत घेतात. त्यापुढे माणूस थकतो आणि आकडे घसरू लागतात. पुढच्या एका भेटीत ही मुलगी रजेवर होती आणि तिच्या जागी आलेला मुलगा फार सौम्य आवाजात "हं, फुंका" म्हणत होता. माझ्या फुंकरी एकामागून एक बाद होऊ लागल्या, तेव्हा शेवटी मीच त्याला म्हटले, "अरे, जरा ओरड माझ्यावर." तो लाजला, पण ओरडला, आणि पुढच्या फुंकरी जमल्या. रक्तातील साखर मोजताना रुग्णाला काही करावे लागत नाही. फुप्फुसाचा हा आकडा मात्र रुग्णाच्या जोरावर आणि परीक्षकाच्या आवाजावर उभा असतो. औषधाच्या परिणामाचे काही मिलिलिटर मोजायचे असतील, तर परीक्षकाच्या प्रशिक्षणावरचा खर्च हाच संशोधनावरचा खर्च होय, असे माझे मत तेथेच बनले.

माझे आकडे असे होते : पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, म्हणजे एफईव्ही-१, १.६२ लिटर, एकूण बाहेर पडलेली हवा, म्हणजे एफव्हीसी, २.४१ लिटर, दोहोंचे गुणोत्तर ०.६७. पडद्यावरच्या आलेखाची उतरती बाजू सरळ यायला हवी, ती दोरीवर वाळत घातलेल्या साडीसारखी मध्येच झोळ पडलेली होती. मग लांब नळकांड्यातून साल्ब्युटामॉलचे चार फवारे, एकूण ४०० मायक्रोग्रॅम, दिले आणि पंधरा मिनिटे बसवून ठेवले. हात थरथरतात, छातीत धडधडते. ते अपेक्षितच असते. त्यानंतर पुन्हा तीच कसरत. या वेळी एफईव्ही-१ १.९० लिटर आला. वाढ २८० मिलिलिटरची, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांची. औषधाने झालेली वाढ लक्षणीय मानायची तर जुन्या निकषानुसार १२ टक्के आणि २०० मिलिलिटर अशा दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. २०२२ साली युरोपीय आणि अमेरिकी श्वसनरोग संस्थांनी मिळून निकष बदलला आणि अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून अधिक वाढ ही कसोटी ठरवली. मी दोन्ही कसोट्यांना उतरले.

हा 'अपेक्षित आकडा' म्हणजे काय, येथे माझे लेखापरीक्षण पुन्हा जागे झाले. कागदावर माझा एफईव्ही-१ अपेक्षेच्या ७७ टक्के होता. अपेक्षा कोणाची, असे विचारताच डॉक्टर हसले आणि त्यांनी यंत्रात दुसरे सूत्र निवडून दाखवले : तीच फुंकर ७० टक्के झाली! फुप्फुस तेच, लिटर तेच, फक्त तुलनेसाठी निवडलेली माणसे वेगळी. वय, उंची आणि लिंग लक्षात घेऊन निरोगी माणसांच्या मोजमापांवरून ही सूत्रे बनवतात. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली आपल्या स्पायरोमीटरने खलाशी, अग्निशामक दलाचे जवान, कुस्तीगीर अशा २,१३० जणांना मोजले आणि उंचीबरोबर श्वासाची क्षमता वाढते हे दाखवून दिले. तेव्हापासून हा उद्योग चालू आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या सूत्रांसाठी २६ देशांतील ७४,१८७ निरोगी माणसांची मोजमापे वापरली गेली, पण त्यांच्या वांशिक गटांमध्ये भारतीय उपखंडासाठी स्वतंत्र गट नाही. आमच्यासारख्यांना 'इतर' या रकान्यात बसवायचे किंवा भारतातील जुन्या, लहान अभ्यासांची सूत्रे वापरायची, असे दोनच मार्ग राहत होते. अलीकडे वंशाचा रकानाच काढून टाकलेले एकच जागतिक सूत्र पुढे आले आहे आणि अमेरिकी संस्थेने २०२३ साली ते वापरण्याची शिफारस केली. त्याने माझा टक्का आणखी वेगळा येतो.

हा प्रश्न पुस्तकी नाही. चाचणीत कोणाला घ्यायचे याची अट पुष्कळदा अपेक्षित टक्केवारीतच दिलेली असते, म्हणजे सूत्र बदलले की काही माणसे आत येतात आणि काही बाहेर जातात. शिवाय ज्यांना निरोगी म्हणून मोजायचे ती माणसे कोणत्या हवेत वाढली, हेही पाहायला हवे. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकांपूर्वीच लालबाग, चेंबूर आणि खार येथील रहिवाशांची, आणि तुलनेसाठी ग्रामीण भागातील लोकांची, श्वसनाच्या तक्रारींच्या व फुप्फुसांच्या कार्याच्या दृष्टीने तपासणी करून मुंबईच्या हवेशी त्याचा संबंध अभ्यासला होता. माझे बालपण लालबागचे. वाढत्या वयात आम्ही जी हवा ओढली तिच्यामुळे आमच्या पिढीची 'निरोगी' फुप्फुसेसुद्धा मुळात थोडी लहान राहिली असतील, तर आमच्यासाठी वेगळे सूत्र बनवणे म्हणजे नुकसानीलाच सामान्य ठरवणे होईल; आणि न बनवावे, तर धडधाकट माणसावर आजाराचा शिक्का बसेल. डॉक्टरांशी मी यावर बराच वेळ बोलले. त्यांनी यावर तोडगा सांगितला नाही, पण चाचणीत सर्वांना एकच सूत्र लावले आहे आणि प्रत्येकाची तुलना मुख्यतः त्याच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी होते, हे दाखवून दिले. एवढ्यापुरते माझे समाधान झाले.

श्वासातील नायट्रिक ऑक्साइडची परीक्षा त्या मानाने सुखाची होती. १९९१ साली स्वीडनमधील संशोधकांना उच्छ्वासात हा वायू आढळला आणि दोनच वर्षांनी दम्याच्या रुग्णांत तो अधिक असतो असे दिसून आले; श्वासनलिकांच्या विशिष्ट प्रकारच्या सुजेचा तो निदर्शक आहे. येथे जोर लावायचा नसतो. सेकंदाला ५० मिलिलिटर या संथ गतीने दहा सेकंद श्वास सोडायचा आणि पडद्यावरचे चित्र मर्यादेत ठेवायचे. ही परीक्षा स्पायरोमेट्रीच्या आधी करतात, कारण जोराच्या फुंकरींनी आकडा खाली येतो, आणि आदल्या दिवशी पालक, बीट असे पदार्थ टाळायला सांगतात. माझा आकडा ३८ आला, म्हणजे २५ आणि ५० यांच्यामधला, ज्यावरून ठामपणे काहीच म्हणता येत नाही.

यानंतर रोजनिशीचा टप्पा. सकाळी आणि संध्याकाळी, औषध घेण्यापूर्वी, पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणाऱ्या छोट्या साधनात, तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा नोंदवायचा, शिवाय रात्री जाग आली का, पंप किती वेळा लागला हे लिहायचे. दम्यात पहाटे श्वासनलिका अधिक आक्रसतात, म्हणून सकाळचा आकडा कमी येतो. माझा सकाळी ३१० आणि संध्याकाळी ३६० असा साधारण नेम होता. फरकाला सरासरीने भागले तर सुमारे १५ टक्के. प्रौढांत ही रोजची तफावत सरासरी १० टक्क्यांवर गेली तर ती दम्याकडे बोट दाखवते.

आम्हाला वही न देता वेळेची नोंद आपोआप करणारे छोटे उपकरण दिले होते, आणि त्यामागचे कारण लेखापरीक्षकाला हर्ष व्हावा असे आहे. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांना कागदी रोजनिशी दिली आणि ती केव्हा उघडली जाते हे टिपणारा प्रकाशसंवेदक तिच्या बांधणीत बसवला. कागदावरच्या नोंदींनुसार रुग्णांनी ९० टक्के वेळा ठरल्या वेळी लिहिले होते. संवेदकानुसार ११ टक्के. बाकीच्या नोंदी ठरल्या वेळेच्या नव्हत्याच; बऱ्याच मागाहून भरलेल्या. महिनाअखेरीला एकाच शाईने भरलेली हजेरीवही ज्याने पाहिली आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

रुग्णालयातील कागदांची शिस्तही पाहण्यासारखी होती. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, गिरवायचा नाही. एकच आडवी रेघ मारून, मूळ आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी दुरुस्ती, आद्याक्षरे आणि तारीख. बाहेरून मधूनमधून एक निरीक्षक येई आणि यंत्राचे मूळ कागद संगणकातील नोंदींशी ताडून पाही. मला त्याच्याशी दोन शब्द बोलायची फार इच्छा होती, पण सहभागी व्यक्तींशी त्याचा थेट संबंध येऊ देत नाहीत.

मुख्य टप्प्यात प्रत्येकाला दोन पंप मिळाले : एक रोज दोनदा घ्यायचा आणि एक गरजेपुरता. कोणाच्या रोजच्या पंपात खरे औषध होते, कोणाच्या पंपात केवळ लॅक्टोजची पूड, आणि त्यानुसार गरजेच्या पंपातील औषधही वेगळे. कोणाला काय मिळाले हे मलाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. तातडीच्या प्रसंगी सांकेतिक क्रमांक उघडण्याची सोय तेवढी होती. माझ्या पंपात नुसती पूड असेल का, हा विचार सुरुवातीला रोज यायचा, पुढे मागे पडला. दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांचा धूर आणि समोरच्या पुनर्विकासाची धूळ एकत्र झाली आणि मला दोन रात्री बसून काढाव्या लागल्या. दिलेल्या क्रमांकावर फोन केला, त्यांनी बोलावून घेतले, तपासले, वाफ दिली आणि सारे नोंदवले. भरती व्हावे लागले नाही. तसे झाले असते तर ती गंभीर घटना ठरून डॉक्टरांना चोवीस तासांत शासनाच्या औषध नियंत्रण यंत्रणेला आणि नैतिकता समितीला कळवावे लागले असते. साधी सर्दीसुद्धा ते लिहून घेत. सुरुवातीला हे अतीच वाटले, पण औषधामुळे काय झाले हे ठरवायचे तर आधी जे जे झाले ते सगळे कागदावर असायला हवे.

न पटलेली गोष्ट एकच, आणि ती छाननीची. माझ्याबरोबर बाकावर एक सुरक्षारक्षक बसत. दमा माझ्याहून जास्त, पण बिडीचा जुना इतिहास, म्हणून बाद. एक घरकाम करणाऱ्या बाई होत्या. औषधानंतरही त्यांचा आकडा पुरेसा वाढला नाही, म्हणून त्याही बाद. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते, की दम्याच्या मार्गदर्शक तत्त्वांना आधारभूत असलेल्या मोठ्या चाचण्यांच्या अटी तेथील प्रत्यक्ष रुग्णांना लावल्या, तर निम्म्या चाचण्यांसाठी ४ टक्के किंवा त्याहूनही कमी रुग्ण पात्र ठरतात. अटींमागची कारणे मला समजतात; सिगारेट-बिडीने झालेला आजार मिसळला तर औषधाचा परिणाम स्वच्छ दिसत नाही. पण मुंबईत ज्यांना खरोखर दम लागतो ती माणसे बाकावरून परत जात होती आणि मी, पंख्याखाली नोकरी केलेली, आकड्यांत नेमकी बसणारी बाई, आत जात होते. रोजंदारी बुडवून येणाऱ्याला प्रवासखर्च पुरत नाही, हाही एक न लिहिलेला निकषच आहे.

माझा सहभाग आता संपला आहे. सारे पंप परत केले, त्यांच्यावरचे आकडे उतरवून घेतले गेले. शेवटचा सहभागी बाहेर पडून सर्व नोंदी बंद होईपर्यंत सांकेतिक यादी उघडत नाहीत, त्यामुळे मला काय मिळत होते ते अजून कळलेले नाही. डॉक्टरांनी दरम्यान बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप लिहून दिला आहे. स्पायरोमेट्रीच्या सर्व कागदांच्या प्रती मी मागून घेतल्या. बाह्यरुग्ण विभागातील यंत्रात जुने सूत्र आहे आणि त्यावर माझी टक्केवारी एकदम सुधारलेली दिसते. म्हणून तेथील नव्या डॉक्टरांना मी टक्के बाजूला ठेवून लिटर पाहायला सांगते, आणि औषधाआधीचा शेवटचा आकडा १.७९ होता, हे त्यांच्या कागदावर लिहून घेते.